आरोग्यविचार : हिरडीची खोली

या महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकीं दोन पत्रें एकाच विषयाचीं आहेत, आणि तीं दोन्ही कृष्णेच्या खोऱ्यांतूनच आलीं आहेत.

पहिलें पत्र साताऱ्याच्या एका भगिनींचें आहे. त्या लिहितात कीं, सासूबाईंचें वय अवघें बावन्न. परंतु खालचे पुढचे दोन दांत हलूं लागले आहेत. दांतांना कीड नाहीं, ठणका नाहीं. भाकरी दुधांत कुस्करून खावयाची, पेरू आणि दाणे वर्ज्य करावयाचे, अशी त्यांनीं आपली वाट काढली आहे. दंतवैद्यांकडे नेलें तेव्हां त्यांनीं एका बारीक सळईनें कांहींतरी मोजलें आणि एका कागदावर ३-२-३, ५-४-६ असे आंकडे लिहून दिले. घरांतील वडील मंडळी म्हणतात, "वयोमानाप्रमाणें दांत जावयाचेच." तर या आंकड्यांचा अर्थ काय, आणि त्यांची काळजी करावी किंवा कसें?

दुसरें पत्र सांगलीच्या एका गृहस्थांचें. त्यांस मधुमेह आहे. दंतवैद्यांनीं दांत साफ करून घ्यावयास सांगितलें आहे; परंतु थोरले बंधु म्हणतात कीं, दांत साफ केल्यानें ते खिळखिळे होतात. कोणाचें ऐकावें?

दोन्ही प्रश्नांचें उत्तर हिरडीच्या खोलींत आहे. म्हणून आज त्याच विषयाचा विचार करूं.

हिरडी दांताला वरपासून चिकटलेली असते असा पुष्कळांचा समज असतो. तसें नाहीं. हिरडीची कड आणि दांत यांच्यामध्यें, सदऱ्याच्या कॉलरमध्यें आणि मानेमध्यें असते तशी, एक अरुंद फट असते. तिच्या तळाशीं हिरडी दांताला घट्ट जोडलेली असते, आणि त्याखालीं बारीक तंतूंनीं दांताचें मूळ जबड्याच्या हाडाशीं बांधलेलें असतें. निरोगी माणसाच्या तोंडांत या फटीची खोली १ ते ३ मिलिमीटर असते. एवढी खोली सर्वांनाच असते. तो रोग नव्हे. खालची जोडणी सुटूं लागली, म्हणजे फटीचा तळ खालीं खालीं जातो, आणि फटीचा कप्पा होतो. दंतवैद्य त्याला 'पॉकेट' म्हणतात. ४ मिलिमीटरपासून सावध व्हावें. ६ किंवा त्याहून अधिक आंकडा आला तर कप्पा खोल आहे असें समजावें.

आतां सासूबाईंचा कागद वाचतां येईल. प्रत्येक दांताभोंवतीं सहा ठिकाणीं मोजतात: बाहेरच्या अंगाला तीन आणि आंतल्या अंगाला तीन. ज्या दांतापुढें ३-२-३ आहे त्याची ती बाजू ठीक आहे. जेथें ५-४-६ आहे तेथें तिन्ही ठिकाणीं तळ खचलेला आहे. सळई बोथट असते. तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात, आणि ती फटींत हलकेच, साधारण २० ते २५ ग्रॅम भारानें, सोडावयाची असते. त्यानें थोडें टोचल्यासारखें वाटेल. इजा होत नाहीं. सळई काढल्यावर तेथून रक्त आलें, तर तेंहि कागदावर नोंदवतात, कारण निरोगी हिरडींतून एवढ्याशा स्पर्शानें रक्त येत नाहीं.

हा तळ खचतो कशानें? दांतांवर रोज एक बुळबुळीत थर सांचतो. तो अन्नाचा नसून जंतूंचा असतो. तो पुसला नाहीं, तर कांहीं दिवसांतच लाळेंतील क्षार बसून त्याचें दगडासारखें कीटण होऊं लागतें. १९६५ सालीं डेन्मार्कमधील आऱ्हूस येथें हॅरल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं बारा निरोगी माणसांना दांत घांसणें बंद करावयास लावलें. दहा ते एकवीस दिवसांत बाराहि जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हां घांसावयास लावतांच त्या थोड्याच दिवसांत पूर्ववत् झाल्या. यावरून दोन गोष्टी ठरतात. एक, हिरडी सुजण्याचें मूळ कारण तो थर होय. उष्णता, वात किंवा दैव नव्हे. दुसरी, या पहिल्या पायरीवरून मागें येतां येतें.

अडचण पुढच्या पायरीची आहे. सूज फार दिवस राहिली, तर कित्येकांच्या बाबतींत शरीर जंतूंशीं लढतां लढतां आपलेंच घर मोडूं लागतें. तंतू सुटतात, हाड विरघळतें आणि कप्पा खोल होतो. कप्पा खोल झाला कीं ब्रशाचे केस तळापर्यंत पोंचत नाहींत. फार तर हिरडीच्या कडेखालीं मिलिमीटरभर ते जातात. सांगलीजवळच्या हरिपुरास हळदीचीं पेवें आहेत, तीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. तोंड अरुंद, आंत खोल, आणि आंत हवा नाहीं. हवा नाहीं म्हणूनच पेवांतली हळद टिकते, तिला कीड लागत नाहीं. हिरडीच्या कप्प्यांत याच्या उलट होतें. जे जंतू सर्वांत अपायकारक, त्यांनाच हवा मानवत नाहीं. म्हणून बंद, खोल कप्पा हें त्यांचें आवडतें ठिकाण. जितकी खोली अधिक तितके ते अधिक, आणि जितके ते अधिक तितकी खोली वाढती. खोली मोजण्याचें महत्त्व एवढ्याचसाठीं आहे.

आणि या सर्व काळांत दुखत नाहीं. किडका दांत रात्रीं झोपूं देत नाहीं, म्हणून माणूस वैद्याकडे धांवतो. कंदी पेढे फार खाल्ले तर दांत किडतील. परंतु ज्याला एकहि कीड नाहीं, असा पांढराशुभ्र, धडधाकट दांतहि हिरडीच्या रोगानें हातांत येतो. चूळ भरतांना गुलाबी पाणी, सकाळीं तोंडाला घाण वास, दोन दांतांमध्यें नवी फट, अन्न अडकणें, एवढ्याच खुणा असतात, आणि घरांतील स्त्रिया त्या कोणाला सांगत नाहींत.

विडी-सिगारेट ओढणारांच्या बाबतींत तर रक्ताची खूणहि फसवी ठरते. तंबाखूमुळें हिरडींतील रक्तवाहिन्या आकुंचित राहतात. आंत कप्पा खोल होत असतां वरून हिरडी फिकट आणि शांत दिसते. व्यसन सोडल्यावर कांहीं दिवस रक्त अधिक येऊं लागलें, तर घाबरूं नये. तो हिरडीचा जिवंतपणा परत आल्याचें लक्षण असतें. आपल्याकडील जुन्या घरांतून तपकिरीची डबी आणि मशेरी (हिलाच कोणी मिश्री म्हणतात) हीं दांत घांसण्याचीं साधनें समजलीं जात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती लावल्यावर हिरडी बधिर होते, त्यामुळें आराम वाटतो. परंतु जेथें ती रोज लागते तेथें हिरडी खालीं सरकते, मुळें उघडीं पडतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचें भय असतें तें निराळेंच.

येथें एक सूक्ष्म गोष्ट ध्यानांत ठेवावी. सांगलीकरांना पावसाळ्यांत आयर्विन पुलाजवळच्या पाण्याची पातळी तोंडपाठ असते. १९२९ सालीं बांधलेल्या त्या पुलापाशीं ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांवर गेलें होतें. तेथें आंकड्यावर विश्वास ठेवतां येतो, कारण खांबावरची खूण हलत नाहीं. हिरडीची कड मात्र हलते. कधीं हिरडी सुजून वर येते. मग हाड शाबूत असूनहि कप्पा ५ मिलिमीटर भरतो. असा कप्पा खोटा असतो आणि सूज उतरली कीं नाहींसा होतो. कधीं हिरडी ३ मिलिमीटर खालीं सरकलेली असते आणि कप्पा अवघा २ भरतो. आंकडा चांगला, परंतु एकंदर आधार ५ मिलिमीटरांनीं कमी झालेला असतो. म्हणून जाणते वैद्य दांताचा वरचा पांढरा भाग आणि मूळ जेथें मिळतात त्या न हलणाऱ्या रेषेपासूनहि मोजतात, आणि हाड किती उरलें तें पाहण्यासाठीं क्ष-किरणांचें चित्र काढतात. आपणहि त्यांना दोन प्रश्न अवश्य विचारावे: "खोली किती?" आणि "हिरडी किती सरकली आहे?"

शिवाय, पुराच्या वेळीं जसें पाणी चढतें आहे कीं उतरतें आहे हें पाहतात, तसेंच येथें. आजचा ५ हा गेल्या वर्षीं ३ होता कीं ७ होता, यावर सर्व अवलंबून आहे. एकट्या आंकड्यापेक्षां दोन आंकड्यांमधील फरक अधिक बोलतो.

आतां "वयोमानाप्रमाणें दांत जावयाचेच" या वचनाकडे वळूं. हें वचन आपल्या घरांतून इतकें रुजलें आहे कीं, पन्नाशीच्या आधींच कित्येक स्त्रिया मनानें दांतांचा निरोप घेऊन बसतात. परंतु पाहा. श्रीलंकेंतील चहाच्या मळ्यांवर काम करणाऱ्या ४८० पुरुषांची तपासणी १९७० पासून सुमारें पंधरा वर्षें पुनःपुन्हां करण्यांत आली. तिचे निष्कर्ष १९८६ सालीं प्रसिद्ध झाले. हे मजूर दांत घांसत नसत, आणि दंतवैद्यहि त्यांना ठाऊक नव्हता. त्यांच्यापैकीं शेंकडा ८ जणांचा दांतांचा आधार झपाट्यानें गेला, शेंकडा ८१ जणांचा मध्यम गतीनें, आणि शेंकडा ११ जणांचा मुळींच ढळला नाहीं. एकाच मळ्यावर, एकाच राहणींत, एकाच वयाच्या माणसांत एवढा फरक! केवळ वय हें कारण असतें, तर असें झालें नसतें. वय वाढतें म्हणजे रोगाला काम करावयास अधिक वर्षें मिळतात, इतकेंच. आपण त्या ८ पैकीं आहों कीं ११ पैकीं, हें आरशांत पाहून कळत नाहीं, मोजल्यावरच कळतें. आईचे दांत लवकर गेले असतील, तर मुलींनीं आणि मुलांनीं विशीपासूनच मोजून घ्यावें.

सांगलीच्या गृहस्थांच्या बंधूंचें म्हणणें अगदींच निराधार आहे असें नाहीं. त्यांनीं जें पाहिलें तें खरें, त्याचा अर्थ मात्र उलटा लावला आहे. हाड गेलेल्या दांतांभोंवतीं कीटणाचा कठीण बांध झालेला असतो. तो दांतांना एकमेकांशीं जखडून ठेवतो, आणि फटीहि बुजवतो. कीटण काढलें कीं आधींच सैल झालेला दांत सैल आहे हें उघड होतें, आणि बुजलेली फट दिसूं लागते. भिंतीचा पाया खचला असतां वरचा गिलावा काढला, म्हणजे भेग दिसते. गिलावा काढणाऱ्यानें भेग पाडली असें आपण म्हणत नाहीं. कीटणाखालीं रोग चालूच असतो. तें काढून मुळांचा पृष्ठभाग साफ केल्यावर सूज उतरते, हिरडी पुन्हां मुळाला लगटते, आणि मध्यम खोलीचे कप्पे साधारण मिलिमीटरभर, फार खोल असलेले दोन मिलिमीटर, उथळ होतात. कित्येक हलते दांत थोडे घट्टहि होतात. कांहीं आठवडे थंड पाणी दांतांना झोंबतें आणि दांत लांब दिसतात; तें सोसावें. गेलेलें हाड मात्र बहुधा परत येत नाहीं. म्हणून जितक्या लवकर जाल तितकें अधिक वांचेल.

साफसफाई एकदां केली म्हणजे काम संपलें, असेंहि नाहीं. सहा आठवडे ते तीन महिन्यांनीं पुन्हां मोजावयाचें असतें. जेथें कप्पा ५-६ च्या खालीं येतच नाहीं, तेथें हिरडी थोडी उघडून मुळें साफ करण्याची लहान शस्त्रक्रिया करतात. त्यानंतर दर तीन-चार महिन्यांनीं तपासणी. जो रोगी एकदां जाऊन पुन्हां फिरकत नाहीं, त्याचे कप्पे पुन्हां भरतात, आणि मग तो म्हणतो, "साफ करूनहि गुण आला नाहीं."

या गृहस्थांस मधुमेह आहे, म्हणून त्यांनीं तर मुळींच चालढकल करूं नये. रक्तांतील साखर वाढलेली असली कीं हिरडीचा रोग बळावतो, आणि हिरडीचा रोग बळावला कीं साखर आवरेनाशी होते. उलटपक्षीं, हिरड्यांवर नीट उपचार झाले तर तीन-चार महिन्यांत साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा आंकडा साधारण अर्ध्या टक्क्याच्या आंतबाहेर उतरतो. हा उतार मधुमेहाच्या औषधाची जागा घेणारा नव्हे. परंतु टाकाऊहि नाहीं. दंतवैद्यांस मधुमेहाची, आणि मधुमेहाच्या डॉक्टरांस हिरड्यांची गोष्ट आपण होऊन सांगावी.

घरांत गर्भवती सून किंवा लेक असल्यास तिच्याहि हिरड्यांकडे लक्ष असावें. त्या दिवसांत हिरड्या लवकर सुजतात आणि रक्त येतें. म्हणून ती दांत घांसावयाचेंच सोडते, आणि दुखणें वाढतें. दांतांची साफसफाई गर्भारपणांत निषिद्ध नाहीं. चौथा ते सहावा महिना त्यास विशेष सोयीचा.

आपल्या पूर्वजांना हा रोग ठाऊक नव्हता असें नाहीं. सुश्रुतानें मुखरोगांत दांतांच्या मुळांचे म्हणून पंधरा रोग निराळे सांगितले आहेत. त्यांतील शीताद म्हणजे रक्त येणारी, मऊ पडलेली हिरडी. आणि दंतवेष्ट म्हणजे जींत पू-रक्त येऊन दांत हलतात ती अवस्था. चरकानेंहि दंतकाष्ठ वापरतांना हिरडीला इजा होऊं देऊं नये, असें बजावलें आहे. त्यांच्यापाशीं मिलिमीटरची सळई नव्हती, आपल्यापाशीं आहे. राखुंडीनें खसाखसा घांसणें, टांचणीनें दांत कोरणें, मीठ-तेलानें बोटें झिजेपर्यंत हिरड्या चोळणें, हें चरकाच्या सांगण्याच्याहि विरुद्ध आहे. सांगलीची हळद उत्तम खरी. परंतु कोणतेंहि चूर्ण ६ मिलिमीटर खोल कप्प्याच्या तळाशीं जाऊन तेथलें कीटण उकरून काढीत नाहीं. सूज वरून उतरते, आणि आंतलें काम चालूच राहतें.

उलट टोंकहि नको. १९१० सालीं विल्यम हंटर नांवाच्या ब्रिटिश डॉक्टरांनीं माँट्रियल येथें व्याख्यान देऊन तोंडांतील पू हें शरीरांतील अनेक रोगांचें मूळ ठरविलें, आणि पुढें कित्येक वर्षें बरे होण्याजोगे दांतहि सर्रास उपटले गेले. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडीं 'पायोरिया' म्हणजे 'सगळे दांत काढणें' असें समीकरण बसलें होतें, तें त्याच काळांत. आतां ती स्थिति नाहीं. सळईचा आंकडा हा दांत काढण्याचा हुकूम नसून तो वांचवण्याची सूचना आहे.

घरांत करावयाचें तें थोडें आहे. मऊ केसांचा ब्रश घ्यावा. तो हिरडी आणि दांत यांच्या सांध्यावर तिरपा धरून हलक्या हातानें, दोन मिनिटें, सकाळीं आणि रात्रीं निजण्यापूर्वीं फिरवावा. दोहोंपैकीं एकच वेळ साधत असेल, तर रात्रींची साधावी. दांतांच्या मधल्या जागेंत ब्रश पोंचत नाहीं. तेथें दंतवैद्य सांगतील त्या मापाचा बारीक ब्रश किंवा दोरा रोज वापरावा. रक्त आलें म्हणून ती जागा टाळूं नये. तीच अधिक हळुवारपणें साफ करावी. आठ-दहा दिवसांत रक्त थांबलें नाहीं, तर मोजून घ्यावें.

मोजण्यासाठीं फार लांब जावें लागत नाहीं. कराडास कृष्णा विश्व विद्यापीठाचें दंतविज्ञान विद्यालय आहे, सांगलीस भारती विद्यापीठाचें दंत महाविद्यालय आहे, आणि कवलापुरास वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांतून हिरड्यांच्या रोगांचा स्वतंत्र विभाग असतो. गांवांतील दंतवैद्यहि हें काम करतात. फक्त आपण तें मागावयास हवें.

आणि घरांत एक वही करावी. जमाखर्चाची वही जींत राहते, त्याच फडताळांत ती ठेवावी. प्रत्येकाचें नांव, तारीख, सर्वांत खोल आंकडा, आणि रक्त आलें कीं नाहीं, एवढ्या चार गोष्टी वर्षांतून एकदां लिहाव्या. पहिलें पान मुलांचें नको, कर्त्या पुरुषाचेंहि नको. जी बाई सर्वांना वाढून मग जेवते आणि भाकरी कुस्करून खाते, तिचें असावें. साताऱ्याच्या भगिनींनीं आपल्या सासूबाईंना याच महिन्यांत पुन्हां घेऊन जावें. ५-४-६ हा आंकडा उशीर झाल्याचें सांगतो. वेळ निघून गेल्याचें सांगत नाहीं.

पुढील अंकीं लहान मुलांच्या दुधाच्या दांतांविषयीं लिहूं.